दात नसलेली किल्ली

पत्र आलं तेव्हा मी आधी खालची ओळ वाचली:
सभासद शुल्क रुपये सहाशे, एकदाच.
मग वरची: आपली गुणवत्ता पाहून
गुणीजन मंडळात आपली निवड करण्यात येत आहे.

सहाशे म्हणजे पंधरा किल्ल्या.
आमच्या घरी हिशेब असाच होतो.
हिंदमाताच्या पुलाजवळ, साड्यांच्या दुकानांसमोर
बाबांचं दुकान म्हणजे एक पेटी, एक स्टूल,
वर टांगलेली पत्र्याची किल्ली, माझ्या हाताएवढी लांब,
आणि चाळीस रुपयाला एक.

मिथिला म्हणाली, बायोडेटात एक ओळ वाढते गं, बाकी काय.
विनीत म्हणाला, समोसा देतात.
ऑफिसातले सावे म्हणाले, भरायचे तर आज भर,
उद्यापासून मी रजेवर.
मी भरले. का, ते नीट सांगता येणार नाही.
कॉलेजात पहिल्यांदाच कुणीतरी मला
रोल नंबर सोडून लिहिलं होतं:
ऋजुता दत्ताराम पांचाळ.
त्यातला ऋसुद्धा बरोबर.

समारंभात मेणबत्त्या होत्या, म्हणून पंखे बंद.
डिमेलो मॅडमनी शपथ वाचली, आम्ही मागोमाग;
घामानं सगळ्यांचेच शब्द जरा चिकटले.
मग कुणाच्या ओढणीला, कुणाच्या खिशाला
एकेक पितळी बिल्ला, किल्लीच्या आकाराचा.

रात्री बाबांनी तो भिंगाखाली धरला.
उलटा केला. नखानं वाजवला.
"दात कुठायत हिला?"
मग म्हणाले, "पितळ बरंय.
पण ही कुठलंच कुलूप उघडणार नाही."
आईनं ताटं घेतली. मी गप्प राहिले;
धंदेवाल्याशी त्याच्या धंद्यावरून वाद घालू नये.

मंडळाची खोली तिसऱ्या मजल्यावर, चौदा नंबर.
कोपऱ्यात भूगोलाचे गुंडाळलेले नकाशे,
एका टेबलाच्या पायाखाली घडी घातलेली जुनी प्रश्नपत्रिका.
शनिवारी दोन ते पाच. नियम एकच:
ज्याला येतं त्यानं, ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसायचं.

माझ्या शेजारी आला तौफिक मुकादम,
शिवडीचा, पहिल्या वर्षाचा, संभाव्यतेत नापास.
मी म्हटलं, जुडग्यात नऊ किल्ल्या, लागणारी एकच.
तिसऱ्याच किल्लीला दार उघडण्याची शक्यता किती?
तो म्हणाला, एक सप्तमांश.
मी म्हटलं, चूक. एक नवमांश.
तो म्हणाला, पण दोन तर आधीच फुकट गेल्यात ना,
मी दाराशी उभा आहे, माझ्या हातात सातच उरल्यात.
दाराशी उभं राहून मी कधी विचारच केला नव्हता.
आम्ही दोघंही बरोबर होतो, प्रश्न दोन होते,
हे कळायला पाऊण तास लागला, आणि मॅडमचा खडू.

घरी मी गणितं सोडवते टीव्ही बंद झाल्यावर,
ओट्यावरच्या दिव्यात, ओठ न हलवता.
इथं मोठ्यानं चुकता येतं.

गौतमी खैरमोडे, जिला मी दोन वर्षं घाबरत होते,
जिचे मार्क बोर्डावर माझ्या वरच असायचे,
एकदा नकाशांपाशी उभी राहून म्हणाली,
पेपरच्या आदल्या रात्री मला उलटी होते.
मी म्हटलं, मला पहाटे.
बायोडेटात लिहिण्यासारखं यात काहीच नाही.

समोसा खरंच देतात. गार असतो.

बिल्ला आता बाबांच्या पेटीत आहे,
कोऱ्या किल्ल्यांच्या खिळ्यावर, मी न विचारता टांगलेला.
गिऱ्हाइकानं बोट दाखवलं तर म्हणतात,
ती नाही. ती अजून कापायचीय.

या वर्षी पत्र तौफिकला आलं.
सहाशे रुपये, फायदा काय, असं विचारत
जिन्यात उभा होता. मी आठवायला लागले,
नोकरी, शिफारसपत्र, मिथिलाची ती एक ओळ,
आणि एवढंच म्हटलं: शनिवारी ये आणि ठरव.
दार खांद्यानं ढकलावं लागतं.
कुलूप दोन वर्षं बिघडलंय त्याचं;
बाबा दहा मिनिटांत नीट करतील,
म्हणून त्यांना अजून सांगितलेलं नाही.